ऑलिव्हिया डाल सात वर्षांची होती

गेल्या महिन्यात लेकाला रोआल्ड डालचं 'द बीएफजी' वाचून दाखवायला घेतलं. रात्री मुलांच्या खिडकीतून स्वप्नं फुंकणाऱ्या, मोठ्या कानांच्या प्रेमळ राक्षसाची गोष्ट. सुरुवातीलाच अर्पणपत्रिका आली. ऑलिव्हियाचं नाव आणि दोन तारखा : २० एप्रिल १९५५ आणि १७ नोव्हेंबर १९६२. लेक तिसरीत आहे, हातच्याची वजाबाकी नुकतीच जमायला लागलीय. त्याने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, "आई, ही तर सातच वर्षांची होती. काय झालं तिला?"

"गोवर झाला होता."

"गोवर म्हणजे काय?"

माझ्या आठ वर्षांच्या मुलाला गोवर हा शब्दच माहीत नाही, हे ऐकून मला किती बरं वाटलं ते कसं सांगू. आणि त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका तरुण आईने लिहिलं की मुलाला गोवराच्या लसीचा दीड वर्षाचा डोस आम्ही देणार नाही, गोवर काय, येतो आणि जातो, आपल्या आधीच्या पिढ्या नाही का जगल्या. खाली नऊ-दहा अंगठे. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. आज वेळ काढून लिहिते आहे, लांबलंय, पण वाचा.

ऑलिव्हिया ही रोआल्ड डाल आणि अभिनेत्री पॅट्रिशिया नील यांची थोरली मुलगी. जन्म न्यूयॉर्कचा. वीस तारखेला जन्मली म्हणून तिच्या नावात चक्क 'ट्वेंटी' होतं, ऑलिव्हिया ट्वेंटी डाल. वाढली इंग्लंडमध्ये, बकिंगहॅमशायरमधल्या ग्रेट मिसेंडन या गावात. डाल तेव्हा मुलांचा लेखक म्हणून जगाला माहीत नव्हता, तो मोठ्यांसाठी कथा लिहायचा. रात्री झोपताना ऑलिव्हिया आणि धाकटी टेसा यांना सांगितलेल्या गोष्टींतून 'जेम्स अँड द जायंट पीच' झालं, १९६१ मध्ये छापून आलं, आणि ते या दोघी बहिणींनाच अर्पण केलेलं आहे. म्हणजे एक पुस्तक तिने स्वतःच्या हातात घेऊन बघितलं. दुसरं, ज्यावर माझ्या मुलाने वजाबाकी केली, ते १९८२ चं. मध्ये एकवीस वर्षं गेली.

या घरावर आधीच एक घाव बसला होता. १९६० च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये ऑलिव्हियाच्या चार महिन्यांच्या धाकट्या भावाच्या, थिओच्या बाबागाडीला टॅक्सीने उडवलं. डोक्याला मार लागला, मेंदूत पाणी साठायला लागलं. ते काढायला बसवलेली नळी सारखी तुंबायची, सारखं ऑपरेशन. बाप गप्प बसला नाही. मॉडेल विमानांसाठी बारीक पंप बनवणारा स्टॅन्ली वेड नावाचा एक इंजिनीअर त्याने गाठला, केनेथ टिल या मेंदूच्या सर्जनला सोबत घेतलं, आणि तिघांनी मिळून न तुंबणारी एक नवी झडप बनवली. १९६२ पर्यंत ती तयार झाली. थिओला तिची गरज उरली नाही, पण पुढे हजारो मुलांना ती बसवली गेली. हे मी मुद्दाम सांगते आहे. मुलावर संकट आलं की काय करायचं हे या माणसाला माहीत होतं. तो हात जोडून बसणारा बाप नव्हता.

त्याच १९६२ च्या नोव्हेंबरात ऑलिव्हियाच्या शाळेत गोवर आला.

तेव्हा गोवराची लस नव्हती. गॅमा ग्लोब्युलिन नावाचं इंजेक्शन होतं, रक्तातल्या तयार प्रतिपिंडांचं, पण ते सहज मिळत नसे. नात्यातल्या एका डॉक्टरांमार्फत थोडंसं मिळालं, ते डोक्याला इजा झालेल्या थिओला दिलं गेलं. मुली धडधाकट होत्या, त्यांना गोवर येऊन गेला तर बरंच, असं तेव्हा तिथलेही शहाणे लोक समजत. आपल्याकडे म्हणतात ना, एकदा निघून गेला की सुटलो. अगदी तेच.

पुढचं डालने स्वतः लिहिलंय, चोवीस वर्षांनी, १९८६ मध्ये. ऑलिव्हियाला गोवर झाला, नेहमीसारखा चालला होता, तो तिच्या उशाशी बसून तिला वाचून दाखवायचा, काळजी अशी वाटलीच नव्हती. ती बरी होत आली होती. एका सकाळी तो तिच्या पलंगावर बसून रंगीत, लवदार तारांचे छोटे प्राणी कसे करायचे ते तिला दाखवत होता. तिची पाळी आली. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की तिची बोटं आणि तिचं मन एकमेकांना साथ देत नाहीत. त्याने विचारलं, बरं वाटतंय ना? ती म्हणाली, झोप येतेय. तासाभरात ती बेशुद्ध झाली. बारा तासांत गेली.

ही ओळ मी कितीदा वाचली असेल. 'बरी होत आली होती', हे मला सहन होत नाही. ताप उतरलाय, पुरळ सुकतंय, आई स्वयंपाकघरात जरा मोकळा श्वास घेतेय, आणि तेवढ्यात. गोवरानंतर मेंदूला सूज येण्याचं प्रमाण साधारण हजारात एक. आकडा म्हणून लहान वाटतो. शाळेतली सगळी मुलं एका मैदानावर प्रार्थनेला उभी करा आणि त्यातलं एक उचला, मग बघा लहान वाटतो का.

डालबद्दल वाईटही पुष्कळ लिहिलं गेलंय, आणि त्यातलं बरंचसं खरं आहे. ज्यू लोकांबद्दल तो जे बोलला त्यासाठी त्याच्या कुटुंबाने २०२० मध्ये जाहीर माफी मागितली. मला त्याची आरती करायची नाही. पण त्या नोव्हेंबरातला बाप मला फार जवळचा वाटतो. तो आपल्या जुन्या मुख्याध्यापकांकडे गेला. ते पुढे कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधले सर्वांत मोठे धर्मगुरू झालेले, जेफ्री फिशर. त्यांनी सांगितलं, ऑलिव्हिया स्वर्गात आहे. डालने विचारलं, तिचा लाडका कुत्राही पुढे तिच्याकडे जाईल का? नाही, जनावरांना तिथे जागा नाही, असं उत्तर आलं. डालची श्रद्धा तिथे तुटली ती तुटलीच. कुत्र्याशिवाय आपली पोर तिथे कशी राहील, हा प्रश्न बापालाच पडू शकतो.

लिटल मिसेंडनच्या चर्चच्या आवारात तिला पुरलं. त्याने त्या जागेवर दगडांमध्ये वाढणारी, डोंगरातली नाजूक फुलझाडं लावली आणि बाग फुलवली. घरात मात्र तिच्याबद्दल तो बोलतच नसे. तो १९९० मध्ये गेला, त्यानंतर त्याच्या कागदपत्रांत एक वही सापडली. तिच्यात ऑलिव्हियाच्या शेवटच्या तासांबद्दल लिहिलेलं होतं. दुःखात लिहून ठेवलं आणि कुणाला दाखवलं नाही.

ऑलिव्हिया १७ नोव्हेंबरला गेली. अमेरिकेत गोवराच्या पहिल्या लसीला परवानगी मिळाली २१ मार्च १९६३ ला. चार महिने. ब्रिटनमध्ये ती सगळ्या मुलांना मिळायला १९६८ उजाडलं, आणि तरी १९८६ पर्यंत तिथले पालक लस टाळत होते, म्हणून या माणसाने इतकी वर्षं मिटलेलं तोंड उघडलं. मुलाला लस न देणं हा जवळजवळ गुन्हाच आहे, असं तो बजावतो. आपल्या मुलीचं काय झालं ते सांगतो, आणि म्हणतो, तिच्या जाण्याने इतर मुलांचं आजारपण आणि मरण टळलं हे तिला कळलं असतं तर तिला किती आनंद झाला असता.

आता आपल्याकडे येते.

माझ्या आजीची थोरली लेक, म्हणजे माझी आत्या, अशीच गेली. साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच, साताऱ्याकडच्या एका गावात, सहा वर्षांची असताना. दाराला कडुनिंबाचा डहाळा, अंथरुणाखाली पाला, घरात फोडणी बंद. गोवर बाहेर पडू द्यायचा, दाबायचा नाही, म्हणून औषध नाही. पुरळ मावळलं आणि डबा झाला, म्हणजे धाप लागून छाती उडायला लागली. बैलगाडीने तालुक्याला नेईपर्यंत संपलं.

लहानपणी मला वाटायचं, आजी अडाणी, म्हणून आत्या गेली. आज वाटतं, किती अन्याय केला मी तिच्यावर. आजीकडे बैलगाडी होती, डालकडे अँब्युलन्स होती. तो जग फिरलेला लेखक, बायको हॉलिवूडमधली नटी, नात्यात नामांकित डॉक्टर. आजीकडे कडुनिंब. आणि दोघांच्याही हाती तेवढंच आलं, कारण द्यायला लसच नव्हती. आजीने चूक केली असेल तर ती सगळ्या जगाने केलेली चूक होती.

आपल्याला ती सबब नाही. गोवराची लस आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात १९८५ मध्ये आली. आज रुबेलासोबत एकत्र, एमआर म्हणून, दोन डोस मिळतात : नऊ महिने पूर्ण झाल्यावर एक, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा. सरकारी केंद्रात फुकट. आशाताई घरी येऊन आठवण करतात. आणि लोक चुकवतात तो नेमका दुसरा. पोरगं चालायला लागलेलं असतं, घर बदललेलं असतं, आई परत नोकरीला लागलेली असते, कार्ड कपाटात वरच्या फळीवर. पण नवव्या महिन्यातल्या डोसने शंभरातली साधारण ८५ मुलंच सुरक्षित होतात. उरलेल्या पंधरांसाठी दुसरा डोस आहे. आपलं मूल त्या पंधरात आहे का, हे कपाळावर लिहिलेलं नसतं.

आणि गोवर हा शेजारपाजार ओळखणारा आजार आहे. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत राहू शकतो. संरक्षण नसलेल्या दहा जणांत नऊ जणांना तो गाठतो. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये रोज सकाळी एक पाच महिन्यांचं बाळ असतं, त्याला लस द्यायचं वयच झालेलं नाही. त्या ताईंनी 'आमचा निर्णय' असं लिहिलं तेव्हा मला ते बाळ दिसलं.

२०२२ चा हिवाळा आठवतोय का? गोवंडीत मुलं दगावली, मग भिवंडी, मालेगाव. कस्तुरबा रुग्णालयात गोवराचे वॉर्ड. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांनाही जादा डोस द्यायची वेळ आली. कोविडच्या दोन वर्षांत मागे पडलेलं लसीकरण असं वसूल झालं. तेव्हा आपण बातम्या बघून 'त्या वस्त्यांमध्ये' असं म्हणालो. पण गोवंडीतल्या आईला केंद्रात जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. आपली काय बुडते? २०२५ मध्ये टेक्सासमध्ये लस न घेतलेली दोन मुलं गोवराने गेली. ज्या देशाने २००० मध्ये गोवर हद्दपार झाल्याचं जाहीर केलं होतं, तिथे. माझी मावसबहीण डॅलसला असते. तिकडून ती मला विचारत होती की तुमच्याकडे लोक घेतात ना गं लस? मी मोठ्या तोंडाने हो म्हटलं होतं.

त्या आईला मी ग्रुपवर उत्तर दिलं नाही. ग्रुपवर भांडण होतं, लस होत नाही. घरी गेले, ऑलिव्हियाची गोष्ट सांगितली, आजीचीही सांगितली. तिला भीती वाटत होती, एवढंच. कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ बघितला होता, आणि पहिल्या डोसनंतर मुलाला दोन दिवस ताप आला होता. ताप येतो, मी म्हटलं, माझ्याही मुलाला आला होता. ती विचार करते म्हणाली. अजून करतेच आहे. मी पुन्हा जाणार आहे.

आजीचं एक सांगते आणि थांबते. १९८७ मध्ये माझा धाकटा भाऊ झाला. नऊ महिन्यांचा झाला तेव्हा त्याला कडेवर घेऊन उन्हातून दोन किलोमीटर चालत आरोग्य केंद्रात नेणारी ती आजी होती. आई म्हणाली, ऊन कलल्यावर जाऊ. आजी थांबली नाही.

आणि १९९१ च्या जनगणनेला शाळेतल्या एक बाई घरी आल्या होत्या. मी आजीच्या शेजारी बसले होते. त्यांनी विचारलं, एकूण किती मुलं झाली? आजोबा पलीकडून म्हणाले, पाच. आजी म्हणाली, सहा. बाईंनी विचारलं, हयात किती? आजी म्हणाली, पाच, आणि मग न विचारताच तिने सहावीचं नाव सांगितलं. बाईंचा पेन तसाच थांबला, त्या रकान्यात फक्त आकडा लिहायचा असतो. आत्याचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.