आर्केड मशीन घ्या, तीन वर्षांत डबल करा?? काहीही!

परवा दादाचा फोन. माझा चुलतभाऊ, न्यू जर्सीत एडिसनला असतो, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. म्हणाला, "तीन घेतली, तू पण घे, क्लिअरन्स संपत आलाय." काय घेतलं तर घरगुती आर्केड मशीन, म्हणजे नाणं टाकून व्हिडिओ गेम खेळायच्या त्या उभ्या मशीनची घरगुती आवृत्ती, चार फुटी, खोक्यात येतात ती. खेळायला नाही हां. इन्व्हेस्टमेंट म्हणून. आणि कशाच्या जोरावर, तर तो फॉरवर्ड, जो इकडच्या मराठी ग्रुपांवर महिनाभर फिरतोय आणि मला एकटीला पाच वेळा आलाय.

ज्यांना आला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात. आर्केडवनअपसारख्या कंपनीची मशिन्स सेलमधे घ्या, खोकं उघडू नका, गराजमधे ठेवा. लिमिटेड एडिशन असतात म्हणून तीन वर्षांत भाव डबल. व्हिडिओ गेम पार्लरमधल्या ओरिजिनल मशीनशी सेम टू सेम. एलसीडी आहे म्हणून मेंटेनन्स झिरो. आणि कळस म्हणजे, इथे विकलं नाही तर पुण्याला न्या, कॅफेवाले लाखभर रुपये देतात.

पुण्याचं आधी उरकते. खोक्यासकट साधारण तीस किलोचा ऐवज, विमानात एका बॅगेला २३ किलो, वर कस्टमवाल्याला सांगायचं की हो साहेब, ही तीन मशिन्स माझ्या वैयक्तिक वापरासाठी आहेत. शिवाय ही मशिन्स घरगुती वापरासाठीच असतात, कॅफेत ठेवून पैसे कमवायला नाही. आणि पुण्यातला कॅफेवाला सुताराकडून प्लायचं फुल साइज कॅबिनेट करून घेईल, आत रास्पबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त कॉम्प्युटर) टाकेल, तो तुमचं अर्धवट उंचीचं खेळणं लाख रुपयांना कशाला घेईल? पुढे.

"सेम टू सेम." इथे मात्र माझं डोकं फिरतं. पॅक-मॅनचं (भुतांपासून पळत ठिपके खायचा तो गेम) १९८० चं मूळ मशीन जवळजवळ सहा फूट, आत १९ इंची काचेचा ट्यूबवाला पडदा. आर्केडवनअपची २०१८ ची पहिली मशिन्स चार फुटांच्या आत, १७ इंची एलसीडी, उंच माणसाला बसायला स्टूल घ्यावं लागतं किंवा मशीनखाली वेगळा बॉक्स. ते जाऊ दे, जॉयस्टिक घ्या. पॅक-मॅन हा चार दिशांचा गेम, मूळ मशीनला चारच दिशांना हलणारी दांडी होती. सुरुवातीच्या छोट्या मशीनला आठ दिशांची दिली. म्हणजे तुम्ही वळणावर घाईत दांडी दाबता, ती जरा तिरकी जाते, गेमला तिरकं काही कळत नाही, पॅक-मॅन बिचारा कोपऱ्यात ठोंब्यासारखा उभा आणि मागून भूत. ज्यांनी डोंबिवलीच्या पार्लरमधे रुपया टाकून मुस्तफा खेळलाय (खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, पण आपल्याकडे मुस्तफाच) त्यांच्या हाताला हा फरक दोन मिनिटांत कळेल.

एक कबूल करते, नाइलाजाने. "जुनी मशिन्स सागवानी होती" असं उलट टोकाचं पण काहीजण सांगतात, तसं काही नव्हतं, त्यातली बरीचशी पण भुश्याच्या बोर्डाचीच होती. मग ती महाग का? गिनेसच्या नोंदीत १९८१ ते १९८७ दरम्यान पॅक-मॅनची २,९३,८२२ मशिन्स बसवली गेली असं आहे, म्हणजे दुर्मिळ अजिबात नव्हती. पण गेम जुना झाला की पार्लरवाले त्याच कॅबिनेटात नवा गेम घालायचे, चित्रं खरवडून काढायचे, उरलेली अडगळीत जाऊन कुजली. धड राहिली ती थोडी, म्हणून भाव. तुमची तर सगळेच खोक्यात जपून ठेवतायत, मग दुर्मिळ होणार कशी?

आता डबलचं गणित. यातला अर्धा भाग खरा आहे, तोही सांगते. २०२०-२१ मधे सगळे घरात अडकले होते, पार्लर बंद, माल वेळेवर येत नव्हता, तेव्हा बंद झालेली काही मॉडेल्स सेकंडहँडमधे मूळ किमतीच्या वर गेली होती. फॉरवर्डमधले फोटो त्याच काळातले वाटतात. पण नंतर काय झालं? तेच गेम नव्या मशीनमधे आले. पहिल्या पॅक-मॅन मशीनमधे दोन गेम होते, पुढच्या लेगसी एडिशनमधे डझनभर. मग दोनवाल्याला कोण जास्त पैसे देणार.

आणि भाव बघायचा तर लोक ईबेवर (लोकांनी लोकांना वस्तू विकायची साइट) विकणाऱ्याने टाकलेला आकडा बघतात. अरे, टाकायला मी माझा मिक्सर पण दहा हजार डॉलरला टाकेन! तिथे 'सोल्ड आयटम्स' असा फिल्टर आहे, तो लावला की खरंच किती मिळाले ते दिसतं. दादाला तो फिल्टर माहीतच नव्हता.

मग मी त्याच्या घरी जाऊन त्याच्यासमोर पाठकोऱ्या कागदावर मांडलं. सेलमधे २५० डॉलर, जर्सीचा ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स, झाले २६७ च्या आसपास. समजा नशीब जोरावर आणि ४०० ला विकलं. ईबे साधारण १३ टक्के घेतो, गेले ५२. एवढं धूड पाठवायचे १०० धरू. हातात २४८. म्हणजे भाव दीडपटीच्या वर गेला तरी १९ डॉलर खिशातून. आणि महागाई वेगळीच, सरकारच्या लेबर स्टॅटिस्टिक्सवाल्यांच्या आकड्यांप्रमाणे २०१८ चे २९९ डॉलर म्हणजे २०२४ चे ३७३ च्या घरात. ज्याने तेव्हा २९९ ला घेऊन ३५० ला विकलं आणि पेढे वाटले, तो तोट्यात आहे.

ईबे नको, आसपासच्या लोकांनाच विका म्हणाल, तर तिथे "लास्ट प्राइस?" विचारून गायब होणारेच जास्त.

मेंटेनन्स झिरोबद्दल एवढंच, की मागच्या वर्षी मुलासाठी एक सेकंडहँड बघायला गेले होते, कंपनीचं नाव राहू दे. मालकाने बेसमेंटमधे ठेवलेलं, ओल आलेली. खालची कड चहात बुडवलेल्या पार्लेजीसारखी फुगलेली, आणि शिफ्टिंगसाठी एकदा खोलून परत जोडल्यामुळे स्क्रूची भोकं सैल, बटण जोरात दाबलं की अख्खं कॅबिनेट डुलायचं. स्क्रीन मात्र झकास चालू. एलसीडीच ना!

दादा कागद बघून म्हणाला, "पण सील तोडलं की व्हॅल्यू जाते." वहिनी मागून म्हणाली, "आणि माझी गाडी?" रात्री निघताना बघितलं, तीन खोकी गराजमधे कोरडी ठणठणीत, आणि वहिनीची गाडी बाहेर, काचेवर बोटभर बर्फ.