१२८ चा आकडा आणि बॅटलफील्डचा सांगाडा : एका प्रतिक्रियेला उत्तर

बॅटलफील्ड या युद्धाच्या व्हिडिओ गेम मालिकेवरच्या मागच्या लेखाला ‘रणगाडा’ या नावानं लिहिणाऱ्या वाचकांनी चांगली लांबलचक आणि झोंबणारी प्रतिक्रिया दिली आहे. त्यांचे आक्षेप तीन. बॅटलफील्ड म्हणजे भव्यता, तेव्हा बॅटलफील्ड २०४२ मध्ये एका सामन्यात ६४ वरून १२८ खेळाडूंवर जाणं हीच योग्य दिशा होती आणि मी जुन्याच्या प्रेमापोटी त्या आकड्यावर खापर फोडलं, हा पहिला. बॅटलफील्ड ४ सुद्धा आला तेव्हा मोडकाच होता, तो सावरला, मग २०४२ ला वेगळा न्याय का, हा दुसरा. आणि कोसळणाऱ्या भिंती बॅटलफील्ड ३ पासून सुरू झाल्या असं मी लिहिलं ते चूक, हा तिसरा. शेवटी जाता जाता बॅटलफील्ड २ मध्ये बॉट (संगणक चालवतो ते खेळाडू) वाढवायचे कसे, असंही विचारलं आहे.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे वादच नाही. चूक माझी. भिंती पाडण्याची सोय देणारं फ्रॉस्टबाइट इंजिन (खेळ ज्यावर चालतो ती मूळ प्रणाली) पहिल्यांदा आलं ते जून २००८ मधल्या बॅड कंपनीत, तेही फक्त प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर, २४ खेळाडूंसाठी. पीसीवाल्यांच्या हाती ते पडलं मार्च २०१० च्या बॅड कंपनी २ मध्ये. बॅटलफील्ड ३ ला या इंजिनाची दुसरी आवृत्ती मिळाली. पीसीसमोर बसून इतिहास लिहिला की कन्सोलची वर्षं अशी गळून पडतात. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण रणगाडा, ही दुरुस्ती तुमच्याच पहिल्या मुद्द्याच्या मुळावर येते. बॅड कंपनी २ मध्ये पीसीवर ३२ आणि कन्सोलवर २४ खेळाडू. तरी रश हा हल्ला-बचावाचा प्रकार म्हटलं की आजही लोक त्याचंच नाव काढतात. कारण तिथे नकाशा एकेका टप्प्यानं उघडायचा. हल्लेखोरांना मोजकी तिकिटं (मेल्यावर परत येण्याच्या संधी), समोर उडवायची दोन यंत्रं, म्हणजे एम-कॉम. दोन्ही उडवले की पुढचा टप्पा खुला आणि तिकिटं पुन्हा भरलेली. एम-कॉम घरात असेल तर फ्यूज लावायला आत शिरायचीही गरज नव्हती. रणगाड्यानं भिंती पाडत राहायचं, घर कोसळलं की एम-कॉम त्याखाली गेला. बचाव करणाऱ्यांना म्हणून घराआत दबा धरून चालत नसे, बाहेर येऊन रणगाडा रोखावा लागे. भिंत पडण्याला खेळात अर्थ होता, आणि तो २४ जणांतही पुरेपूर कळत होता.

आता ६४ चं मूळ पाहू. ही मालिका घडवणाऱ्या स्वीडनच्या डाइसनं २००० मध्ये रिफ्रॅक्शन गेम्स हा स्टुडिओ आपल्यात सामावून घेतला. या मंडळींच्या १९९९ च्या कोडनेम ईगलमध्ये विमानं आणि गाड्या मल्टिप्लेअरमध्ये चालवता येत होत्या. त्याच रोपाचं झाड म्हणजे सप्टेंबर २००२ चा बॅटलफील्ड १९४२. त्यातला कॉन्क्वेस्ट (झेंड्यांची ठाणी काबीज करण्याचा प्रकार) हा खरं तर हिशोबाचा खेळ आहे. मेलेला प्रत्येक सैनिक परत येताना एक तिकीट खातो, आणि निम्म्याहून जास्त झेंडे शत्रूच्या हाती गेले की तिकिटं आपोआप गळू लागतात. म्हणून एखादा झेंडा सोडून दुसरीकडे धावणं हा दर वेळी जुगार असतो. ६४ हा आकडा या हिशोबाला पुरला, एवढंच त्याचं माहात्म्य.

डाइसला हे तेव्हा पक्कं ठाऊक होतं. याचा पुरावा जून २००५ च्या बॅटलफील्ड २ मध्ये आहे: नकाशे १६, ३२ आणि ६४ अशा तीन मापांत दिलेले. स्ट्राइक ॲट कारकंडचं १६ चं माप म्हणजे शहराचा एक तुकडा. ६४ मध्ये नदीपलीकडचा कारखान्याचा भागही उघडायचा. माणसं कमी तर जमीन कमी, झेंडेही कमी.

आणि १२८ ला नवलाईचं म्हणाल, तर तेही नाही. नोव्हालॉजिकच्या जॉइंट ऑपरेशन्स या खेळात २००४ सालीच १५० खेळाडू एका सर्व्हरवर उतरत. प्लेस्टेशन ३ वरच्या मॅग या खेळात २०१० साली २५६. पण मॅगनं ती गर्दी कशी बांधली होती पाहा: आठ जणांचा स्क्वॉड, चार स्क्वॉडची प्लाटून, चार प्लाटूनची कंपनी, म्हणजे एका बाजूला १२८. प्रत्येक प्लाटूनला नकाशाचा आपापला कोपरा नेमून दिलेला. २५६ च्या लढाईत तुमचा व्यवहार असायचा समोरच्या तीसेक जणांशी.

२०४२ मध्ये (नोव्हेंबर २०२१) हेच घडलं नाही. नकाशे प्रचंड वाढवले, झेंड्यांमध्ये उघडं माळरान ठेवलं. दोन झेंड्यांत ३०० मीटर अंतर आणि सैनिकाचा वेग सेकंदाला सहा मीटर धरला, तरी ५० सेकंद नुसतं पळणं, आडोसा नाही, आणि डोक्यावर हेलिकॉप्टर. ब्रेकथ्रू या हल्ला-बचावाच्या प्रकारात उलट हाल: १२८ जण दोन झेंड्यांभोवती कोंबलेले. म्हणजे एकीकडे रानोमाळ, दुसरीकडे यात्रेतली चेंगराचेंगरी. अखेर २०२२ मध्ये १२८ चा ब्रेकथ्रू काढून ६४ चाच ठेवला, आणि कॅलिडोस्कोपपासून एकेक नकाशा नव्यानं घडवायला घेतला. माझा राग आकड्यावर नाही, त्या आकड्यासाठी जमीन न आखल्यावर आहे.

तुमचा दुसरा मुद्दा मला जास्त मोलाचा वाटतो. बॅटलफील्ड ४ (ऑक्टोबर २०१३) खरंच वाईट अवस्थेत आला. इतका, की डिसेंबरमध्ये हे सावरेपर्यंत पुढची कामं थांबवतो असं जाहीर करावं लागलं. पण बिघाड कुठे होता? सर्व्हर इतर खेळाडूंच्या हालचालींची खबर तुम्हाला सेकंदाला सुमारे दहाच वेळा पाठवत होता, म्हणजे दर १०० मिलीसेकंदांनी एकदा. एईके-९७१ रायफल मिनिटाला ९०० गोळ्या झाडते, म्हणजे दर ६७ मिलीसेकंदांना एक. पाच गोळ्यांत माणूस जातो धरलं तर सगळा कारभार पाव सेकंदात आटोपतो, आणि त्यात तुम्हाला खबर मिळते दोन-तीनदा. दोन गोळ्या एकाच खबरीत आल्या की वाटतं एका गोळीतच मेलो. त्यावर ८० मिलीसेकंद पिंग (सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन परत यायचा वेळ) चढवा (आपल्याकडून सिंगापूरचे सर्व्हर धरणाऱ्यांना हे सांगायला नको), की भिंतीआड पोचल्यावर मरणं आलंच.

यावर इलाज होता आणि तो झाला. मे २०१४ मध्ये खेळाडूंना घेऊन सीटीई नावाची चाचणीची वेगळी आवृत्ती सुरू झाली. खबरींचा वेग आधी ३० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३० वेळांवर गेला, पुढे पीसीवरच्या भाड्याच्या सर्व्हरना ६० आणि त्याहून वरचे टिकरेटही (सर्व्हर सेकंदाला किती वेळा हिशोब करतो तो आकडा) मिळाले. या सगळ्यात ना नकाशे बदलावे लागले, ना वर्ग (सैनिकांच्या ठरावीक भूमिका). सांगाडा धड होता, नसा दुरुस्त केल्या.

२०४२ मध्ये सांगाडाच वाकडा बसवला होता. वर्ग काढून स्पेशालिस्ट, म्हणजे नाव-चेहरा असलेली पात्रं आणली, आणि कोणीही कुठलीही बंदूक, कुठलंही साधन घ्यावं अशी मुभा दिली. परिणाम काय? पडलेल्या माणसाला धावत येणारा सोबती मेडिक आहे की नाही हे दिसून कळेना, आणि तेच चेहरे दोन्ही बाजूंना असल्यानं शत्रू-मित्रही पटकन ओळखू येईनात. जो तो स्वतःपुरतं घेऊन फिरू लागला की दारूगोळा वाटणार कोण? स्कोअरबोर्ड आणि व्हॉइस चॅटसुद्धा सुरुवातीला नव्हते. ते पॅचनं आले, ते मी दोषांत धरतच नाही. पण वर्ग परत आणायला २०२३ उजाडलं. ही दुरुस्ती नव्हे, पुनर्बांधणी. आणि १० ऑक्टोबर २०२५ ला आलेला बॅटलफील्ड ६ पुन्हा ६४ खेळाडू आणि चार वर्ग घेऊन आला, हे तुमच्या ‘योग्य दिशे’बद्दल बरंच सांगून जातं.

स्क्वॉडबद्दल मात्र तुमच्या बाजूनं एक गोष्ट मान्य. ही घसरण २०४२ नं सुरू केलेली नाही. बॅटलफील्ड २ मध्ये सहा जणांचा स्क्वॉड असे आणि स्पॉन (मेल्यावर परत उतरणं) फक्त नायकावर. नायक मेला की बाकीचे मागे फेकले जात, म्हणून त्याला जपावं लागे. बॅड कंपनी २ मध्ये चार जण, आणि कोणाही सोबत्यावर स्पॉन. झुडपात लपलेला एक जण उरला तरी पूर्ण टोळी परत उभी. हे मी लेखात लिहायला हवं होतं.

आता बॉट. बॅटलफील्ड २ च्या फोल्डरात मॉड्स, त्यात बीएफ२, त्यात एआय या फोल्डरात ‘एआयडिफॉल्ट’ नावाची फाइल आहे. आधी तिची प्रत काढून ठेवा, मग नोटपॅडमध्ये उघडा. मेनूच्या सेटिंगवर मात करणारी ओव्हरराइडची ओळ आणि बॉटची कमाल संख्या सांगणारी ओळ, दोन्हींच्या सुरुवातीला ‘रेम’ हा शब्द असेल तर तो काढा. तो असेपर्यंत खेळ त्या ओळी वाचतच नाही. ओव्हरराइड १ ठेवा, संख्या ३२ करा. एकदम ६४ करू नका: एकट्यानं खेळताना नकाशा १६ च्या मापाचाच उघडतो, मोठ्या मापांत बॉटना वाटा आखून दिलेल्या नाहीत, आणि त्या तुकड्यात ६४ जण घातले तर तुम्ही उठताक्षणी मराल.