तीनशे वर्षांचं काम आणि दर वर्षीचं बजेट

2025 च्या ऑक्टोबरात एका पहाटे भाचीचा मेसेज आला. "मावशी, काच झाली एकदाची!"

ती अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात रिचलंड नावाच्या गावी राहते आणि शेजारच्या हॅनफर्डला अणुकचऱ्याच्या कामावर इंजिनिअर आहे. तिथे जमिनीखालच्या टाक्यांत साठवलेला किरणोत्सारी कचरा पहिल्यांदाच वितळलेल्या काचेत मिसळून पोलादी डब्यांत भरला गेला. साधारण साडेअकराशे अंश तापमानाची भट्टी आणि पुरुषभर उंचीहून मोठे डबे. बातमी वाचून मला खरंच भरून आलं. नंतर मात्र सालं मोजायला लागले आणि दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

हॅनफर्डची पहिली मोठी अणुभट्टी, बी रिअ‍ॅक्टर, 1943 च्या शरद ऋतूत बांधायला घेतली आणि सप्टेंबर 1944 मध्ये सुरूही झाली. वर्षही लागलं नाही. नागासाकीच्या बॉम्बमधलं प्लुटोनियम हॅनफर्डचं. आणि त्या प्लुटोनियमच्या मागे उरलेला कचरा काचेत घालायचा कारखाना 2002 मध्ये बांधायला घेतला, तो सुरू व्हायला 2025 उजाडलं. तेही कमी किरणोत्सारी भागापुरतं. सगळ्यात जहाल भागाची काच करायला 2033 चं उद्दिष्ट आहे.

माझी सगळी नोकरी बोईसरला रसायनशास्त्र शिकवण्यात गेली. तारापूर शेजारीच, त्यामुळे अणुऊर्जा या शब्दाची मला ना भीती ना भक्ती. वर्गातल्या निम्म्या मुलांचे आईवडील तिथल्या कामाशी या ना त्या नात्याने जोडलेले असायचे. म्हणून आज लिहिते आहे ते अणुऊर्जा हवी की नको यावर नाही. झालेला कचरा निस्तरायच्या संशोधनाची आखणी सरकारं कशी करतात, यावर लिहिते आहे. त्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही.

2019 च्या उन्हाळ्यात भाचीकडे गेले होते तेव्हा बी रिअ‍ॅक्टर पाहिला. बसने नेतात. वाटेत खुरटी झुडपं, उघडं माळरान आणि मध्येच कोलंबिया नदीचं निळंशार पाणी. 1943 मध्ये या नदीकाठची हॅनफर्ड आणि व्हाइट ब्लफ्स ही गावं जेमतेम महिनाभराच्या नोटिशीवर उठवली होती. तारापूरच्या प्रकल्पासाठी उठवलेल्या अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आत गेल्यावर भट्टीचं तोंड समोर येतं. 2004 नळ्यांची टोकं, ओळीत ओळ, तीनचार मजली उंच. तिथे उभं राहिल्यावर पहिला विचार मनात आला तो हा, की हे करणाऱ्या माणसांच्या हातात काय बुद्धी होती! आणि दुसरा, की यातल्या किती जणांना 'मागे उरेल त्याचं काय' हे शोधायला बसवलं होतं?

त्या रात्री भाचीने जेवणाच्या टेबलावर एक रिकामी बरणी घेतली. तळाला पीनट बटर थापलं, वर खडेमीठ ओतलं, त्यावर पाणी. "मावशी, ही आमची टाकी. तळाचा गाळ, मधे मिठाची ढेप, वर द्रव. अशा 177." म्हणजे साधारण 21 कोटी लिटर. त्यातल्या 149 टाक्या एकाच आवरणाच्या, जुन्या. कित्येक गळल्या, आणि गळालेला माल दहा लाख गॅलनच्या घरात धरतात.

मी विचारलं, एवढं मीठ आलं कुठून? तिचं उत्तर ऐकून माझ्यातली शिक्षिका हळहळली. प्लुटोनियम वेगळं काढायला भट्टीतलं इंधन नायट्रिक आम्लात विरघळवतात, म्हणजे मागे उरणारा कचरा आम्लधर्मी. त्याला स्टेनलेस स्टीलच्या टाक्या लागतात. युद्धाच्या घाईत स्टेनलेस स्टील मिळेना, म्हणून साध्या पोलादाच्या टाक्या केल्या आणि त्या कुजू नयेत म्हणून कचऱ्यात कॉस्टिक सोडा ओतला. झालं! कचरा फुगला, धातू गाळ होऊन खाली बसले, सोडियमची क्षारं साठली. एका मोसमाची तडजोड, आणि पुढच्या तीन पिढ्यांचं रसायनशास्त्र तिने ठरवलं. शिवाय वर्षानुवर्षं प्लुटोनियम काढायच्या पद्धती बदलत गेल्या, जागा करायला टाक्यांत आणखी काहीबाही मिसळलं गेलं. त्यामुळे एका टाकीत चाललेला उपाय दुसरीत चालेलच असं नाही.

'संशोधन कशाला, उपसा आणि पुरा' असं म्हणणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. एसवाय-101 नावाची एक टाकी दर काही महिन्यांनी हायड्रोजनचा ढेकर द्यायची. ठिणगी पडली असती तर काय झालं असतं, याचा विचारही नको. गाळात वायू कसा अडकतो आणि कसा सुटतो, हे समजून घेतल्यावर 1993 मध्ये तिच्यात ढवळणारा पंप सोडला आणि ते ढेकर थांबले. काही टाक्यांत फेरोसायनाइड होतं, त्याच्या स्फोटाची धास्ती होती. अभ्यासातून कळलं की उष्णता आणि किरणोत्साराने त्याचं बरंचसं विघटन आपोआप झालंय. धोका कागदावरून रीतसर उतरवता आला. या दोन्ही वेळी नुसता प्रश्न नीट समजल्याने केवढे पैसे वाचले असतील!

उलटी गोष्टही ऐका. साउथ कॅरोलायनातल्या सव्हाना रिव्हर या अशाच दुसऱ्या अणुस्थळावर टाक्यांतल्या मिठातून किरणोत्सारी सीझियम वेगळं काढायचं होतं. टेट्राफेनिलबोरेट नावाचं संयुग घालून त्याचा साका पाडायचा, असं ठरलं. प्रत्यक्षात ते संयुग फुटून बेंझीन तयार व्हायला लागलं. ज्वालाग्राही बेंझीन, तेही किरणोत्सारी टाकीत! जवळजवळ 50 कोटी डॉलर खर्च करून 1998 मध्ये तो मार्ग सोडावा लागला. मग कामाला आलं कॅलिक्स-क्राउन. पेल्याच्या आकाराचा हा रेणू, ज्याच्या पोकळीत सीझियमचा आयन बरोब्बर बसतो आणि सोडियमचा बसत नाही. अमेरिकेतल्याच ओक रिजच्या सरकारी प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ अशा रेणूंवर आधीपासून काम करत होते, म्हणून तो मदतीला धावला. त्यावरचा मोठा कारखाना 2020 मध्ये चालू झाला. याच कुळातला रेणू वापरून आपल्या ट्रॉम्बेला कचऱ्यातून सीझियम काढतात, आणि त्याच्या काचेच्या पेन्सिली रक्तपेढ्यांत रक्तावर किरणांची प्रक्रिया करायला वापरतात. हे मी मुलांना दर वर्षी सांगायचे, आणि दर वर्षी मागच्या बाकावरचंसुद्धा कुणीतरी मान वर करायचं.

असा रेणू टेंडर काढून मिळत नाही. गरज लागायच्या दहापंधरा वर्षं आधी कुणीतरी शांतपणे त्यावर काम करत असावं लागतं. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे.

अमेरिकन सरकारला हे कळलं नव्हतं असं नाही. 1989 मध्ये ऊर्जा खात्यात साफसफाईसाठी स्वतंत्र विभाग झाला. 1996 च्या सुमारास संसदेच्या सांगण्यावरून त्याच्यासाठी मूलभूत संशोधनाचा खास कार्यक्रमही सुरू झाला. पण 2003 मध्ये तो या विभागाकडून काढून दुसरीकडे हलवला, आणि पुढे तंत्रविकासाचा वाटा साफसफाईच्या खर्चाच्या एक टक्क्याहूनही खाली आला. साफसफाईचा खर्च आता वर्षाला आठ अब्ज डॉलरच्या आसपास आहे. त्यातला एक टक्काही नाही! कारण कापायला तोच सोपा. कंत्राटदाराचं काम थांबलं तर माणसं रस्त्यावर येतात, खासदाराचा फोन येतो. प्रयोगशाळेतला एक प्रयोग बंद पडला तर त्या वर्षी कुणाचंच काही बिघडत नाही. बिघडतं ते वीस वर्षांनी, आणि तेव्हा कापणारा निवृत्त झालेला असतो.

हॅनफर्डच्या उरलेल्या कामाचा अंदाज 2019 मध्ये जाहीर झाला होता. कमीत कमी 323 अब्ज डॉलर, जास्तीत जास्त 677 अब्ज. दोन आकड्यांतली ही दरी बघा. एवढं आपल्याला माहीतच नाही, असा तिचा अर्थ. ती कमी करायला खर्च केलेला पैसा उधळपट्टी कसा ठरतो, मला कुणी समजावून सांगावं. त्या काचेच्या कारखान्याचंही तेच झालं. तंत्र पक्कं व्हायच्या आत बांधकाम सुरू केलं, आणि 2012 मध्ये हायड्रोजन साठणं, मिश्रण नीट न होणं, नळ्यांची झीज, अशा प्रश्नांपायी त्यातल्या मुख्य इमारतीचं काम थांबवावं लागलं.

दुसरी बाजूही आहे, आणि ती मला मान्य आहे. नदीवर ज्यांचा 1855 च्या तहापासून मासेमारीचा हक्क आहे, त्या याकामा या तिथल्या मूळ रहिवासी लोकांसाठी 'अजून अभ्यास चालू आहे' हे शब्द म्हणजे जखमेवर मीठ. भूजलातून क्रोमियम नदीकडे जातंय, तिथेच सामन मासा अंडी घालतो. तिथे अभ्यासाच्या नावाखाली वर्ष घालवणं हा अन्यायच. म्हणून पाणी आज उपसून शुद्ध करा, 2012 पासून मोठ्या संयंत्रात ते चालूही आहे. फक्त त्याच वेळी, पंप बंद केल्यावर कचऱ्यातलं किरणोत्सारी टेक्नेशियम आणि आयोडीन मातीतून कसं सरकेल, यावर काम करणारा माणूसही पगारावर ठेवा. सीझियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, 30 वर्षं, म्हणजे दहा अर्धायुष्यं धरली तरी 300 वर्षं. टेक्नेशियमचं दोन लाखांवर. यासाठी ठरलेला वाटा कायद्याने दहा दहा वर्षांसाठी बाजूला काढावा आणि त्याला दर वर्षीच्या बजेटची कात्री लागू नये. खऱ्या कचऱ्याचे नमुने जपावेत. आणि कुठल्या टाकीत काय ओतलं हे ज्यांना आठवतं, ती म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्या शेजारी तरुण माणसं बसवावीत. याकामांचा माणूसही आखणीच्या टेबलावर पहिल्या दिवसापासून हवा.

असं होऊ शकतं, याचा दाखला हॅनफर्डलाच आहे. 1994 मध्ये तिथे कचऱ्याच्या एका जुन्या जागेवर माती, वाळू, खडी, डांबर आणि दगडांचे थर रचून झाकण बांधलं. हजार वर्षं टिकावं म्हणून. मग त्यावर हजार वर्षांत एकदा पडेल असा पाऊस मुद्दाम पाडला. 2008 मध्ये वरची झुडपं मुद्दाम जाळून पाहिली, वणवा लागला तर काय होईल म्हणून. पाणी खाली उतरतंय का, याची नोंद वर्षानुवर्षं घेत राहिले.

भाचीला त्या सकाळी उलट विचारलं होतं, तुमच्याकडे नवीन मुलं येतात का गं या कामाला? तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "दोन आली आहेत. एक गाळावर, एक भूजलावर. दोघांचीही नेमणूक या वर्षापुरतीच."