म्हशीने नेमके काय केले?

बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटजवळ स्कूटर लावून मी मेथीची जुडी निवडत होतो. तेवढ्यात गेट उघडले आणि सुटलेल्या गर्दीबरोबर एक म्हैस आली, तिने माझ्या उभ्या गाडीला कुशीने ढकलून आडवे केले आणि मागे वळूनही न पाहता ती चालती झाली. पुढचा दिवा फुटला, आरसा निखळला. मराठीत ही हकीकत एका दमात सांगून होते. विम्याच्या कार्यालयात मात्र कारकुनाने कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हटले, "मराठीत चालत नाही ओ सर. कन्नडात नाहीतर इंग्लिशात लिवून द्या."

कन्नड मला बोलता येते, त्यात भांडताही येते; पण ते लिहायला बसलो की हात तिसरीतल्या मुलासारखा थरथरतो. म्हणून इंग्रजी आले, आणि माझ्या म्हशीला क्रियापद मिळेना.

'स्ट्राइक' लिहावे, तर तो शब्द संपालाही लागतो, घड्याळाच्या ठोक्यालाही आणि काडी ओढण्यालाही. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये तर फलंदाजाने बॅट फिरवूनही चेंडू हुकला, की त्यालाच 'स्ट्राइक' म्हणतात. म्हणजे न लागलेल्या फटक्याला फटक्याचे नाव. 'बीट' म्हणावे, तर इंग्रज अंडीही 'बीट' करतो, प्रतिस्पर्ध्यालाही करतो आणि हवालदाराची गस्तही 'बीट'च असते. 'नॉक' केले म्हणावे, तर म्हैस दार ठोठावून आत येऊ का विचारत होती असे वाटते.

पुतणी अभियांत्रिकीला आहे. तिने सुचवले, "काका, बम्प्ड इंटू लिही." कोश उघडला, तर त्यात आदळणे होतेच, शिवाय अवचित भेट होणे हाही अर्थ होता. 'रॅन इंटू'चीही तीच गत. आमची म्हैस आणि माझी स्कूटर यांची बऱ्याच दिवसांनी रस्त्यात गाठ पडली, असे विमा कंपनीला कळवून दिव्याचे पैसे मिळाले नसते. 'रन' या क्रियापदाचे तर ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या संपादकांनी ६४५ अर्थ मोजले आहेत. त्यांत नाक वाहते, दुकान चालते, निवडणूक लढवली जाते, साडीचा रंग जातो आणि उरलेल्या वेळात कोणीतरी पळतेही.

अर्थात आपण हसण्यात अर्थ नाही. आपण हाक मारतो, मिठी मारतो, गप्पा मारतो, शिक्का मारतो, दांडी मारतो आणि एवढी मारामारी करूनही कोणाला खरचटत नाही. कन्नडात 'मार'ला 'होडी' म्हणतात; शेजारच्या काकूंच्या कन्नडातही गाडी 'होडी' आणि झोपही 'होडी'. नवख्या मराठी माणसाला त्यांचे सारे घर नावेत बसले आहे असे वाटावे.

शेवटी कंटाळून मी सर्वांत साधे शब्द निवडले: म्हशीने गाडीला 'हिट' केले आणि ती 'रॅन अवे'. पहिला शब्द तंतोतंत खरा होता. दुसऱ्यात थोडी अतिशयोक्ती होती, कारण ती रमतगमत गेली होती. कारकुनाने कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"सर, हे हिट अँड रन झालं की ओ. पोलिसात कंप्लेंट दिलासा काय?"

मी म्हटले, म्हैस होती. तो म्हणाला, ते खरे, पण कागदावर हिट अँड रन आहे. मग त्याने आपुलकीने माहितीही दिली की पळून गेलेल्या वाहनाने माणूस दगावला तर २ लाख आणि गंभीर जखमी झाला तर ५० हजार रुपये भरपाईची सरकारी योजना आहे, मात्र स्कूटरच्या दिव्यासाठी तिच्यात काही नाही. एवढे सांगून त्याने अर्जातल्या एका रिकाम्या चौकटीवर बोट ठेवले. "धडक दिलेल्याचा नंबर?"

चिडून मी बोलून गेलो की नंबर होता, म्हशीच्या कानात. पिवळ्या बिल्ल्यावर चांगले १२ आकडे होते.

"मग तेवढा आणा की," तो म्हणाला आणि अर्ज परत दिला.

गेले तीन दिवस मी रोज संध्याकाळी दुसऱ्या गेटपाशी वही घेऊन उभा असतो आणि येणाऱ्या प्रत्येक म्हशीच्या कानाशी वाकतो. म्हशींची काही तक्रार नाही. भाजीवाल्या मावशींनी मात्र काल मेथी देताना हळूच विचारले, "सर, घरात सगळं बरं हाय न्हवं?"