‘आय९ म्हणजे आय९’ या मेसेजला उत्तर

एप्रिलमध्ये अकोल्याहून भाच्याचा फोन आला. "मावशी, लॅपटॉप घेतला. आय९ आहे, ४८ हजारांत पडला." आय९ म्हणजे इंटेल कंपनीच्या वरच्या दर्जाच्या प्रोसेसरचं, म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूचं, नाव; आय५ त्याच्या खालचं. पोरगा लग्नांचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. दोन सीझनचे पैसे बाजूला टाकून त्याने हा लॅपटॉप घेतला होता. मावशी पुण्यात बारा वर्षं लॅपटॉप दुरुस्त करते हे त्याला ठाऊक आहे, तरी त्याने आधी विचारलं नाही. कारण त्यांच्या फोटोग्राफरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता आणि तो वाचून त्याची खात्री पटली होती. नंतर तोच मेसेज मला आणखी तिघांनी पाठवला, म्हणून हे लिहायला बसले.

मेसेज म्हणतो: आय९ म्हणजे आय९, कितीही जुना असला तरी नव्या आय५ला भारी. गिगाहर्ट्झ (प्रोसेसरचा वेग) बघा, बाकी सगळी जाहिरात. व्हिडिओच्या कामाला जुना आय९ दणकट. नव्या प्रोसेसरमधले निम्मे कोर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) नुसते आकडा फुगवायला टाकलेत. १३वी-१४वी पिढी जळते, तिच्या वाटेला जाऊ नका. आणि सातवी, आठवी, बारावी, पिढीने काही फरक पडत नाही.

भाच्याचा प्रोसेसर आहे इंटेलचा आय९-८९५०एचके. एप्रिल २०१८मध्ये आलेला, ६ कोर, १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). त्याच पैशांच्या आसपास वापरलेल्या लॅपटॉपमध्ये त्याला २०२२चा आय५-१२५००एच मिळत होता: १२ कोर, १६ थ्रेड. नावातला ८ म्हणजे आठवी पिढी, १२ म्हणजे बारावी. पुढे जे लिहिते आहे ते याच दोघांबद्दल आहे.

आधी व्हिडिओचं बोलते, कारण माझ्या भाच्याचं नुकसान तिथेच झालं.

मे महिन्यात तो लॅपटॉप घेऊन पुण्याला आला. माझ्या टेबलावर त्याने प्रीमियर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं आणि हळदीची एक क्लिप टाइमलाइनवर टाकली. प्ले केली, तर दोन सेकंद चालली आणि थांबली. आवाज पुढे गेला, चित्र तिथेच. नवरीच्या गालाला हळद लावणारा हात हवेतच राहिला. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) १०० टक्के, पंखा ओरडतोय, आणि अजून त्याने एक कटही मारलेला नव्हता. "असंच होतं गं सगळ्या क्लिपांना," तो म्हणाला. रात्र रात्र जागून तो काम करत होता आणि आपल्यालाच एडिटिंग जमत नाही असं समजून चालला होता. मला राग आला तो याचा.

कारण साधं आहे. कॅमेरा फाइल घट्ट आवळून ठेवतो, आणि दाखवताना प्रत्येक फ्रेम पुन्हा उलगडावी लागते. त्यासाठी इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरमध्ये एक वेगळा भाग असतो, क्विक सिंक नावाचा. फाइलचा प्रकार त्या भागाला कळत असेल तर उलगडायचं काम तो करतो आणि कोर मोकळे राहतात. कळत नसेल तर सगळं ओझं कोरवर पडतं. भाच्याचा कॅमेरा एचईव्हीसी १०-बिट ४:२:२ या प्रकारच्या फाइलीत रेकॉर्ड करतो. सोनीच्या एफएक्स३०सारख्या कॅमेऱ्यांत ही सोय आहे आणि लग्नवाल्यांना ती हवीच असते, कारण ४:२:२मध्ये रंगाची माहिती जास्त राहते. हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल नंतर सुधारताना फाटत नाहीत. आठव्या पिढीच्या क्विक सिंकला एचईव्हीसी १०-बिट येतं, पण ४:२:० (रंगाची माहिती कमी ठेवणारा प्रकार) असेल तरच. ४:२:२ त्याला येतच नाही. आय३ घ्या, आय९ घ्या, त्या पिढीत ही सोय कोणालाच नाही.

माझ्या शब्दावर जाऊ नका. पजेट सिस्टिम्स ही अमेरिकेतली वर्कस्टेशन बनवणारी कंपनी आहे. प्रीमियरमध्ये कोणतं हार्डवेअर कोणती फाइल उलगडतं याचा तक्ता त्यांनी तपासून प्रसिद्ध केला आहे. एचईव्हीसी ४:२:२ १०-बिटच्या ओळीत इंटेलची ११वी पिढी आणि पुढचे प्रोसेसर भेटतात, आठवी भेटत नाही. ग्रुपवर कोणी म्हणेल, वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे की! एनव्हिडियाच्या कार्डांना ४:२:२ उलगडता येऊ लागलं ते २०२५च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून. २०१८च्या लॅपटॉपमधलं कार्ड इथे कामाचं नाही.

तीच क्लिप मी दुकानातल्या एका १२व्या पिढीच्या आय५वर लावली. सलग चालली. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या (ग्राफिक्सच्या) पानावर ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख वर चढला आणि सीपीयूचा खालीच राहिला. भाचा बराच वेळ त्या आलेखाकडे बघत होता. एक गोष्ट मात्र सांभाळा: काही गेमिंग लॅपटॉपांत प्रोसेसरमधलं ग्राफिक्स बंद करून सगळं वेगळ्या कार्डावर टाकायची सेटिंग असते. ती चालू असेल तर क्विक सिंकही गायब होतं.

आता गिगाहर्ट्झ. मेसेजमध्ये आय९चे ४.८ विरुद्ध आय५चे ४.५ असा हिशेब आहे आणि आकडे खरे आहेत. पण गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती अब्ज टिका; एका टिकीत किती काम होतं ते त्यात कुठे आहे? आठव्या पिढीचा कोर मुळात २०१५च्या स्कायलेक या इंटेलच्या रचनेचाच. त्याचा डीकोडर (सूचना वाचणारा भाग) एका वेळी ४ सूचना घेतो, १२व्या पिढीचा मोठा कोर ६ घेतो. शिवाय ते ४.८ मिळतं कधी? इंटेलनेच सांगितलंय की शेवटचे २०० मेगाहर्ट्झ प्रोसेसर साधारण ५० अंशांच्या आत असेल आणि विजेची मुभा शिल्लक असेल तरच मिळतात. मे महिन्यात अकोल्यात बाहेर ४३-४४ अंश असतात आणि खोलीत कूलर. एक्सपोर्ट (तयार व्हिडिओ फाइल काढणं) लावला की ५० अंश पहिल्या काही सेकंदांतच मागे पडतात. भाच्याच्या लॅपटॉपवर पाच मिनिटांनी मी बघितलं तेव्हा वेग ३ गिगाहर्ट्झच्याही खाली होता.

खोललं तर प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली, टोकरलं की भुकटी पडत होती. पंख्याच्या पात्यांमागे धुळीचा नमदा. विकणाऱ्याने बाहेरून पुसून दिला होता, आत हातही लावला नव्हता. साफ करून नवी पेस्ट लावल्यावर वेग सुधारला, पण या प्रोसेसरचा तापण्याचा इतिहास जुना आहे. २०१८च्या १५ इंची मॅकबुक प्रोमध्ये हाच आय९ होता. एका यूट्यूबरने तो फ्रीजरमध्ये ठेवून प्रीमियरचा एक्सपोर्ट चालवला तर तो बाहेरच्यापेक्षा लवकर संपला. त्यावर बोंब झाली आणि ॲपलला त्याच जुलैत सॉफ्टवेअरची सुधारणा द्यावी लागली. म्हणजे नवा कोरा असतानाही ही गत होती. पातळ अंगाचा नवा लॅपटॉपही तापतो, ते मी नाकारत नाही. पण चार-सहा वर्षं वापरलेला, आत न उघडलेला आय९ ‘दणकट’ म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

‘निम्मे कोर आकडा फुगवायला’ हे तर वाचवत नाही. १२व्या पिढीतले छोटे कोर कसे आहेत ते इंटेलने ऑगस्ट २०२१मध्ये मांडलं होतं: स्कायलेकच्या एका कोरशी तुलना करता तेवढ्याच विजेत ४० टक्के जास्त काम. दावा कंपनीचा आहे, म्हणून थोडा कमी धरा. तरीही ज्या छोट्या कोरांना मेसेज हिणवतो ते भाच्याच्या आय९मधल्या कोरांच्या तोडीचे ठरतात. आय५-१२५००एचमध्ये असे ८ आहेत आणि वर ४ मोठे.

१३वी-१४वी पिढी जळते ही बातमी अर्धी खरी आहे. व्होल्टेज जास्त जाऊन प्रोसेसर खराब होण्याचा प्रकार खरोखर झाला, पण डेस्कटॉपच्या प्रोसेसरमध्ये. ऑगस्ट २०२४मध्ये इंटेलने त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला, वॉरंटीही वाढवली. लॅपटॉपच्या प्रोसेसरना हा दोष नाही असं कंपनीने तेव्हाच सांगितलं होतं.

पिढीने फरक पडत नाही? सातव्या पिढीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर विंडोज ११च्या यादीतच नाहीत आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ज्या लॅपटॉपवर गिऱ्हाइकाचं लग्न साठवलंय त्यावर हे चालवून घेऊ नका.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते. नवं ते भारीच, हेही खरं नाही. आय७-१२५५यू नाव मोठं, पण त्यात मोठे कोर २च आणि ठरवलेली वीज १५ वॅट. तासभराच्या रेंडरला ८ कोरांचा जुना एच मालिकेतला (जास्त वीज घेणारा) प्रोसेसर त्याला मागे टाकू शकतो. एएमडीच्या ७००० मालिकेत तर तिसरा अंक बघितल्याशिवाय पैसे देऊ नका: ७५२०यूमध्ये २०१९ची झेन २ रचना, ७७३०यूमध्ये झेन ३, आणि ७८४०एचएसमध्ये झेन ४. तिन्ही डब्यांवर ‘७०००’. एआयचा स्टिकरही एडिटिंगसाठी खरेदीचं कारण नाही. आणि रॅम. जुन्या जाड लॅपटॉपांत दोन स्लॉट असतात, वाढवता येते. इंटेलच्या अल्ट्रा ७ २५८व्हीमध्ये रॅम प्रोसेसरबरोबरच बसवलेली येते, ३२ जीबी म्हणजे ३२ जीबी, पुढे वाढ नाही. मेसेज लिहिणाऱ्याने एवढंच लिहिलं असतं तर मी पाठ थोपटली असती.

भाच्याच्या हातात चार लग्नांची कामं होती. त्याला आधी सगळ्या क्लिपांच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, बनवायला लावल्या, त्यावर त्याने कट केले आणि शेवटचा एक्सपोर्ट मूळ फाइलींवरून काढला. चारही लग्नं वेळेत गेली. दुकानदाराने लॅपटॉप परत घेतला नाही. जूनमध्ये आम्ही डीडीआर४ रॅमचा एक आय५-१२५००एच शोधला आणि जुन्या लॅपटॉपमधल्या १६-१६ जीबीच्या दोन्ही पट्ट्या काढून त्यात बसवल्या. आय९मध्ये ८ जीबी टाकली आहे. त्यावर आता त्याची बायको अल्बमची पानं लावते आणि त्या कामाला तो व्यवस्थित पुरतो.