‘लागू नाही’

‘विज्ञान : शाप की वरदान?’ हा निबंध शाळेत आपण सगळ्यांनीच लिहिलाय. शेवटचा परिच्छेद ठरलेला असायचा. सुरीने भाजी चिरता येते तसा गळाही चिरता येतो, दोष सुरीचा नाही, ती धरणाऱ्या हाताचा. दहापैकी सात गुण. पुढे पीएचडी झाली, केस पिकले, तरी आम्हा संशोधक मंडळींपैकी बऱ्याच जणांची गाडी त्या सात गुणांवरच अडलेली आहे.

त्या सुरीची एक गोम आहे. सुरी कापते हे शेंबड्या पोरालाही कळतं. प्रयोगशाळेतून निघालेल्या नव्या रसायनाचं तसं नसतं. ते काय करतं हे पहिली काही वर्षं जगात मोजक्या दहा-वीस माणसांना ठाऊक असतं. बाकीचे ते हातात धरतात, हुंगतात, पोरांच्या खोलीत ठेवतात. ‘वापरणाऱ्याने ठरवावं’ म्हणायचं तर वापरणाऱ्याला आधी सांगायला नको?

थॉमस मिजली या अमेरिकन संशोधकाबद्दलची एक पोस्ट अधूनमधून फिरत असते. पेट्रोलमध्ये शिसं यानेच घातलं, ओझोन खाणारे सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन, फ्रिज थंड ठेवणारे) वायूही यानेच आणले, एकट्याने पृथ्वीच्या हवेची वाट लावली वगैरे. माहिती चुकीची नाही. पण हे दोन गुन्हे एकाच गाठोड्यात बांधायला माझी हरकत आहे, कारण त्यातला एक गुन्हाच नाही.

आधी सीएफसी. तेव्हाच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले वायू भरत. रात्री नळी गळली तर माणसं झोपेतच जायची. मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असा वायू शोधला, जो पेटत नाही आणि विषारीही नाही. 1930 साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्याने तो छातीभर ओढून घेतला आणि त्या श्वासाने मेणबत्ती विझवली. एका फुंकरीत दोन्ही गोष्टी सिद्ध. मग 44 वर्षांनी, 1974 मध्ये, मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हा वायू खाली कशाशीच भांडत नाही, म्हणूनच तो टिकून राहतो आणि हळूहळू पार स्थितांबरापर्यंत, म्हणजे ओझोनचा थर असतो तिथवर पोचतो. तिथे अतिनील किरण त्याला फोडतात, क्लोरीनचा अणू मोकळा होतो आणि तो ओझोनच्या रेणूमागून रेणू मोडत सुटतो. ज्या गुणासाठी त्याला डोक्यावर घेतलं, तोच गुण भोवला. 1930 मध्ये हे कुणाला दिसणार होतं? हवेतलं इतकं अत्यल्प प्रमाण मोजणारं उपकरणसुद्धा तोवर जन्माला यायचं होतं. या खटल्यात मी मिजलीला निर्दोष सोडतो.

आता शिसं. इंजिनाचं नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक, टेट्राइथाइल लेड या शिशाच्या संयुगाने थांबते, हे त्याला 1921 च्या डिसेंबरात सापडलं. शिसं हे विष आहे हे माणसाला दोन हजार वर्षांपासून माहीत होतं. मिजलीला तर ते अंगावर कळलं. 1923 च्या सुरुवातीला त्याला स्वतःलाच शिशाची बाधा झाली आणि हवापालटासाठी सुटी घ्यावी लागली. 1924 च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत हे रसायन बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार भ्रमिष्टासारखे वागू लागले, काहींना जखडून ठेवावं लागलं, पाच जण दगावले. त्याच महिन्याच्या 30 तारखेला मिजलीने पत्रकारांसमोर ते द्रव हातांवर ओतून घेतलं, बाटली नाकाशी धरून मिनिटभर हुंगली आणि हे आपण रोजही करू शकतो, असं सांगितलं.

ते एक मिनिट माझ्या डोक्यातून जात नाही. मेणबत्ती विझवणारा माणूस तोच, नाटकही तेच. पण सहा वर्षं आधीचं हे नाटक करताना त्याला काय आठवत असेल? पावणेदोन वर्षांपूर्वीचं स्वतःचं आजारपण? अल्कोहोल मिसळूनही नॉकिंग कमी होतं हेही त्याला ठाऊक होतं. पण अल्कोहोलवर मक्तेदारी कुठली मिळणार? आणि बाजारात उतरवताना नाव काय ठेवलं, तर नुसतं ‘इथाइल’. लेड हा शब्दच गाळला. ज्याला काही लपवायचं नसतं तो नाव गाळत नाही.

म्हणजे माणूस एकच, पण एका ठिकाणी त्याला माहीत नव्हतं आणि दुसऱ्या ठिकाणी माहीत असून तो हसत उभा होता. शास्त्रज्ञाची जबाबदारी मला इथे सापडते. शोध लावला त्या दिवसात ती नाही. ‘अरे, हे घातक आहे’ हे कळल्याच्या दुसऱ्या दिवशी तो काय करतो, त्यात आहे.

या मापाने जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरकडे बघितलं की फार गोंधळ उरत नाही. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करण्याची त्याची रीत नसती, तर आजच्या जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या पोटापुरतं पिकलंच नसतं. त्याच अमोनियापासून पहिल्या महायुद्धात जर्मनीची स्फोटकं बनली, त्याबद्दल मी त्याला फासावर देणार नाही. पण 22 एप्रिल 1915 ला बेल्जियममध्ये ईप्रजवळ जवळपास सहा हजार नळकांड्यांतून क्लोरीन सोडला गेला, तेव्हा हाबर जर्मनीत खुर्चीत बसलेला नव्हता. कामाची आखणी त्याची, माणसांना तयार करणं त्याचं, आणि तो स्वतः आघाडीवर हजर. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत सरकतो, खंदकात उतरतो. हे त्याच्याइतकं चांगलं कुणाला माहीत असणार? इथे शोधणारा आणि सुरी धरणारा हात एकच होता. (दहाच दिवसांनी त्याच्या पत्नीने, क्लारा इमरवाहरने, स्वतःला गोळी घातली. अशा लेखांत ही गोष्ट हुकमी पत्त्यासारखी टाकतात. ती स्वतः रसायनशास्त्रातली डॉक्टरेट होती. तिचं मरण आपल्या युक्तिवादाला टेकू म्हणून लावणं मला बरं वाटत नाही.)

मला खरा राग येतो तो आणखी एका जातीच्या माणसांचा. त्यांच्यावर पोस्टी फिरत नाहीत. रॉबर्ट कीहो हा डॉक्टर कित्येक दशकं शिसंवाल्या उद्योगाचा वैद्यकीय सल्लागार होता. त्याने काही शोधलं नाही, कुणाला मारलं नाही. तो फक्त म्हणायचा, शरीरात थोडं शिसं असतंच, ते नैसर्गिक आहे, धोका असेल तर आधी सिद्ध करून दाखवा. किती वाजवी वाटतं ना! पण सिद्ध करायला लागणारी माणसं, पैसा, प्रयोगशाळा हे सगळं कुणाकडे होतं?

ते शेवटी सिद्ध केलं भलत्याच कामात असलेल्या क्लेअर पॅटरसन या अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञाने. तो शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) पृथ्वीचं वय काढत होता. पण मोजमाप काही केल्या जुळेना, कारण जिथे हात लावावा तिथे शिसं. भांड्यांवर, धुळीत, त्याच्या स्वतःच्या केसांत. त्याने प्रयोगशाळा घासून-पुसून इतकी स्वच्छ केली की तसली खोली तोवर फारशी कुणी पाहिलीच नव्हती. मग पृथ्वीचं वय मिळालं, सुमारे 455 कोटी वर्षं. तो तिथे थांबू शकला असता. एवढ्यावर कुणीही आयुष्यभर हारतुरे घेतले असते. पण हे सगळं शिसं येतंय कुठून, हा प्रश्न त्याने सोडला नाही. 1965 मध्ये त्याने लिहून टाकलं की कीहो ज्याला नैसर्गिक म्हणतो ते आपणच फासलेलं विष आहे. मग संशोधनाचे करार गेले, आणि 1971 मध्ये हवेतल्या शिशावर तज्ज्ञांची राष्ट्रीय समिती नेमली त्यातून त्यालाच वगळलं. मोटारींसाठी शिसंयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जेरिया. तिथली विक्री थांबली जुलै 2021 मध्ये. मिजलीच्या त्या डिसेंबरपासून जवळजवळ शंभर वर्षं.

आर्थर गॅल्स्टन हा अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ असाच आणखी एक. 1943 च्या त्याच्या प्रबंधाचा विषय होता सोयाबीनला लवकर फुलं कशी आणावीत. जाता जाता त्याने नोंदवलं की तेच रसायन जास्त झालं तर पानं झडतात. ती एक नोंद अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी उचलली, आणि झाडं निष्पर्ण करण्याचं संशोधन त्या दिशेने पुढे गेलं. व्हिएतनामच्या जंगलांवर एजंट ऑरेंज हे पानं झडवणारं तणनाशक पडू लागलं तेव्हा ते गॅल्स्टनचं रसायन नव्हतं. ‘माझा काय संबंध’ म्हणायला त्याला पूर्ण मुभा होती. त्याने उलट केलं. साठच्या दशकाच्या मध्यापासून फवारणी थांबावी म्हणून तो सरकारच्या मागे लागला, आणि 1970 मध्ये ‘इकोसाइड’ (निसर्गाची हत्या) हा शब्द त्यानेच वापरात आणला.

आता यावर हमखास येणारा प्रश्न. एकट्याने बोलून, सोडून काय होतं? जोसेफ रॉटब्लाट या भौतिकशास्त्रज्ञाने 1944 च्या अखेरीस अणुबॉम्बचा प्रकल्प सोडला, कारण जर्मनी बॉम्ब बनवत नाही हे त्याला कळलं होतं. बॉम्ब पडायचा तो पडलाच. मान्य. पण ‘मी नाही केलं तर दुसरा करेलच’ हे वाक्य पगाराच्या दिवशी जितकं पटतं तितकं एरवी पटत नाही, असा माझा अनुभव आहे.

अनुभव म्हणजे माझाच. आमचा गट पाणी आणि तेल दोन्ही झटकून टाकणारे लेप बनवतो. कार्बन आणि फ्लोरीन यांची मिठी त्यात असते, सहसा सुटत नाही अशी. निधीसाठी अर्ज भरतो तेव्हा पहिल्याच पानावर आम्ही अभिमानाने लिहितो : अत्यंत टिकाऊ. नवव्या पानावर एक रकाना असतो, ‘संभाव्य दुष्परिणाम व गैरवापर’. आजवर सहा अर्ज भरले. सहाही वेळा तिथे लिहिलं, ‘लागू नाही’. पहिल्या पानावरचा टिकाऊपणा नदीत उतरला की किती वर्षं टिकेल, हे मला लिहिता आलं नसतं असं नाही.

सातवा अर्ज सध्या समोर उघडा आहे. नवव्या पानावर चार ओळी लिहिल्या, त्यातली एक काल खोडली, आज पुन्हा लिहिली. सहकाऱ्याने खांद्यावरून वाचलं आणि म्हणाला, “असं लिहिलंस तर पैसे कोण देणार रे?” मुदत शुक्रवारपर्यंत आहे. ओळी अजून चारच आहेत.