टिनाची वॉरंटी आणि ग्रुपवर फिरणारा सल्ला

मृग जवळ आला की आपल्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज हटकून येतो. गोदाम, जिनिंग, दालमिल चालवणारे सगळेच तो पुढे ढकलतात. मजकूर असा: "रंगीत टिनाला दहा वर्षांची वॉरंटी असते, तोवर छताकडे पाहायचं काम नाही. गळालं तर कंपनी अख्खं छत बदलून देते. वर माणूस चढवला की वॉरंटी जाते. बारीक गळती असेल तर डांबर-सिमेंट लावून मोकळे व्हा."

आम्हा कास्तकारांच्या सोयाबीन-तुरीच्या गोदामाची देखरेख माझ्याकडे आहे. हाच मेसेज खरा मानून आम्ही नुकसान सोसलं, म्हणून त्यातलं एकेक वाक्य तपासतो.

"कंपनी अख्खं छत बदलून देते" हे आधी घेऊ, कारण सगळा घोळ इथूनच सुरू होतो. कंपनीची वॉरंटी असते ती टिनाची: गंजून भोक पडणं, रंगाचा पापुद्रा सुटणं, एवढ्यापुरती. स्क्रू तिरपा बसला, दोन टिनांचा जोड कमी पडला, तर ती जबाबदारी बसवणाऱ्या ठेकेदाराची, आणि त्याने लिहून दिलं असेल तरच. वादळ, गारपीट, वानरांच्या उड्यांनी वाकलेली रिज (छताच्या माथ्यावरची पट्टी) या गोष्टी दोघांच्याही कागदात नसतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट विदर्भाने पाहिली आहे. तसल्या नुकसानीला विमाच लागतो. शिवाय बऱ्याच वॉरंट्यांत वर्षं सरतील तशी भरपाई घटत जाते आणि बसवायची मजुरी आपल्याच खिशातून जाते.

"छताकडे पाहायचं काम नाही" हे तर सरळ घातक आहे. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा 45 च्या वर जातो, टिन त्याहून कितीतरी जास्त तापतं आणि रात्री निवतं. 12 मीटर लांबीचं टिन 45 अंशांच्या फरकाने साधारण साडेसहा मिलिमीटर वाढतं आणि पुन्हा आकसतं. हा खेळ रोज चालला की स्क्रूचं भोक मोठं होतं, खालचा रबरी वॉशर कडक होऊन तडकतो. पहिल्या पावसाचं पाणी तिथूनच उतरतं. जिनिंगजवळच्या गोदामांचं दुखणं आणखी वेगळं. उडालेली रुई आणि धूळ पन्हाळीत साचते, पावसात भिजून तिचा लगदा होतो आणि तो आठवडेच्या आठवडे टिनाला ओल धरून ठेवतो. साचलेला कचरा, तुंबलेलं पाणी यांमुळे आलेला गंज वॉरंटीत बसत नाही, हे बहुतेक कागदांत लिहिलेलंच असतं. आमचा दावा फेटाळला गेला तेव्हा कंपनीच्या माणसाने तुंबलेल्या पन्हाळीचेच फोटो पुढे ठेवले. आमच्याकडे सफाई केल्याचा एकही पुरावा नव्हता. त्या पावसात पोती भिजली, ते सोयाबीन डागी म्हणून मातीमोल भावाने गेलं. ते आजही मनाला लागतं.

"वर माणूस चढवला की वॉरंटी जाते" यात थोडं खरं आहे. वॉरंटी जाते ती न विचारता भोकं पाडल्याने. सोलरवाला, डिशवाला, कॅमेरेवाला येतो, ड्रिल चालवतो आणि लोखंडाचा कीस तिथेच सोडून जातो. तो कीस गंजतो आणि खालच्या टिनालाही डागतो. पाहणीसाठी चढायला मात्र मनाई नसते. रबरी तळाचे जोडे घालून, स्क्रूच्या ओळीवरून म्हणजे खालच्या पर्लिनवर (टिन ज्यावर टेकतं त्या आडव्या लोखंडी पट्टीवर) पाय देत, कोरड्या दिवशी चालायचं. आम्ही आता नवतप्याच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा पन्हाळ साफ करतो, सैल स्क्रू पाहतो, तारखेसह फोटो काढतो. बिल, वॉरंटीचा कागद आणि हे फोटो एकाच फाइलीत ठेवतो.

राहिलं डांबर-सिमेंट. आजच्या बऱ्याच टिनांवर जस्त आणि अॅल्युमिनियमचा थर असतो. ओल्या सिमेंटमधला क्षार तोच थर खातो. शिवाय मूळ दोष झाकला गेला की तो कोणाचा, हे ठरवताच येत नाही. गळती दिसली की आधी फोटो काढा, मग लेखी कळवा. कळवायची मुदत कागदातच दिलेली असते. तोवर थप्पीवर ताडपत्री टाका, पोती गळतीखालून हलवा. कंपनीचा माणूस पाहून जाईपर्यंत टिनावर काहीही फासू नका.